त्याच हाताचं पाणी

सुभद्राबाईंनी फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला हात वर केला, एवढंच झालं. डबा उंचावर होता, टाचा उचलाव्या लागल्या, हात जरा झपकन वर गेला; आणि शेजारी ओट्यापाशी कांदा सोलत उभी असलेली द्वारका, त्यांची सून, एकदम आक्रसली. मान खांद्यात गेली, डावा हात कानाशी आला, डोळे गच्च मिटले. सुरी उजव्या हातात तशीच राहिली. एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल. मग तिनं डोळे उघडले, आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं, आणि ती खाली बघत म्हणाली, "कांदा लई झोंबतोय, आत्या." सुभद्राबाई डबा छातीशी धरून उभ्या राहिल्या. कांद्याची नुसती साल निघाली होती.

पोहे झाले, खाऊनही झाले. धर्मराज, सुभद्राबाईंचा एकुलता एक मुलगा, आंघोळ करून आला, बशी संपवली, "शेंगदाणे कमी टाकत जा, आईला चावत नाहीत," असं अगदी गुणी मुलासारखं बोलला आणि मोटारसायकल काढून कारखान्यावर गेला. कारखाना सहकारी, शेती विभागात त्याची नोकरी. पण दोन वर्षं पाऊस नाही, ऊस नाही, यंदा बॉयलर पेटलाच नाही. तो जाऊन सही करायचा, ऊस टाकायच्या रिकाम्या गव्हाणीकडं बघत चार जणांबरोबर चहा प्यायचा आणि दिवस कलला की परत यायचा. सुभद्राबाई हॉलमधल्या खुर्चीवर बसल्या. समोरच्या भिंतीवर त्यांचंच प्रमाणपत्र होतं, काचेच्या चौकटीत: घरगुती हिंसाचार रोखण्यासाठी गावोगावी केलेल्या प्रबोधनाबद्दल. खाली दोन सह्या आणि एक शिक्का. धर्मराजनंच ते मढवून आणलं होतं, खिळाही त्यानंच ठोकला होता, आणि अंबाजोगाईत त्याच्याकडं कोणी पाहुणा आला की तो आधी तिकडं बोट दाखवायचा. माझी आई, म्हणायचा. चाळीस गावं फिरली आहे.

चाळीस गावं फिरली होती, हे खरंच. लिंबागणेशच्या अलीकडची, पलीकडची, डोंगरपट्ट्यातली, जिथं एसटी जायची तिथं एसटीनं आणि जिथं जायची नाही तिथं पायी. बीडच्या एका संस्थेनं त्यांना तयार केलं होतं. दहा दिवसांचं शिबिर, खांद्याला पिशवी, पिशवीत चित्रांचे तक्ते. समाजमंदिरात बाया जमवायच्या आणि बोलतं करायचं. बाया आधी बोलत नसत. विचारलं तर एकमेकींकडं बघून हसत. मीठ जास्त पडल्यावर, पोर रडल्यावर, पाण्याला उशीर झाल्यावर, काहीच नसल्यावर सुद्धा मारतो, हे सांगताना तर जास्तच हसत. म्हणून सुभद्राबाई नवीन कार्यकर्तींना शिकवायच्या की बाईच्या तोंडाला विचारत बसू नका, तिच्या खांद्याकडं बघा. तुम्ही तक्ता टांगायला हात वर कराल तेव्हा वर्गातली कोणती बाई दचकते ते बघा. तक्त्यावर काय आहे ते नंतर. इतकी साधी गोष्ट होती ती, आणि चाळीस गावांत ती कधी चुकली नाही. आता त्या खुर्चीवर बसून आपल्याच हॉलमधल्या आपल्याच प्रमाणपत्राकडं बघत होत्या, आणि त्यांना त्या काचेत आपलं तोंड दिसत होतं, कानात यंत्र घातलेलं. दोन वर्षं ह्या घरात राहत होत्या. दोन वर्षांत कितीदा हात वर केला असेल, साडी वाळत घालताना, देवाला हार घालताना, पंखा बंद करताना. तेव्हा द्वारका दचकली नव्हती की आपण बघितलं नव्हतं, एवढंच ठरवायचं होतं. आणि तेच त्यांना ठरवायचं नव्हतं.

स्वतःचा खांदा त्यांना अजून आठवत होता. सोळाव्या वर्षी लग्न झालं ते बहात्तरच्या दुष्काळात, हळद निघायच्या आत सरकारी कामावर खडी फोडायला गेल्या. मग पुढची वीस-बावीस वर्षं दिवाळी झाली की उसाला, तोडणीला. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम तसाच मोजायचा, किती कोयते आले, म्हणजे किती जोड्या आल्या. एकटी बाई अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी घेत नसे. त्रिंबक, त्यांचा नवरा, तसा कामाचा माणूस. पण फडातून आल्यावर त्याला काहीतरी व्हायचं. टोळीच्या पाचटाच्या कोप्या, झोपड्याच त्या, एकमेकींना चिकटून असायच्या, एका कोपीत कूस बदलली तर दुसरीत कळायचं. तेव्हा सुभद्राबाईंना मारलेलं सगळ्या टोळीला कळायचं आणि सकाळी सगळी टोळी खाली बघून कोयत्याला धार लावायची. गावी असल्या की सासू असायची, भिवराबाई. भिवराबाई वाईट नव्हती. पायाला तेल लावून द्यायची, सुनेआधी कधी जेवली नाही. पण लेकाचा आवाज चढला की ती उठायची आणि जात्यापाशी जाऊन बसायची. दळायला दाणा नसायचा, दुष्काळात कुठला दाणा. ती रिकामं जातं फिरवायची. दगडावर दगड घासल्याचा तो आवाज घरभर व्हायचा, आणि पाठीवर मार झेलता झेलता सुभद्राबाईंना त्या आवाजाचाच जास्त राग यायचा. आपण ह्या बाईसारखं कधी होणार नाही, असं त्यांनी तेव्हा ठरवलं होतं. तरुणपणी माणूस असलं बरंच ठरवतो.

दुपारी द्वारका भांडी घासत होती. बिल्डिंगला नळ बारा दिवसांनी, मध्ये टँकर. तेव्हा भांडी आधी राखेनं, मग एका पाण्यानं. सुभद्राबाईंनी फोन काढला आणि गावाकडं छबुबाईला लावला. छबुबाई म्हणजे त्यांच्या पहिल्या वर्गातली पहिली बाई. काळी, ठेंगणी, सगळ्यात उशिरा यायची आणि सगळ्यात पुढं बसायची. "ताई, कावून फोन केला?" ती ओरडूनच बोलायची, फोनवर विश्वास नसल्यासारखी. असाच, असं सुभद्राबाई म्हणाल्या. तिकडं पाणी आहे का, शेळी व्याली का, गुडघा कसा आहे, असं इकडचं तिकडचं झालं. मग छबुबाई मध्येच थांबली. "ताई, तुमचा आवाज बरा लागंना. कोणाच्या दाराव जायचं आसंल तर सांगा. आमी येतो की यष्टीनं. तांबे घेऊनच येतो." घरभर वास सुटावा आणि आपल्यालाच आला नसावा, तसं सुभद्राबाईंना झालं. "न्हाई गं," त्या म्हणाल्या, "तसलं काय न्हाई हितं. धर्मा कसा हाय तुला ठाव हाय की." हो, ते हाय, असं छबुबाई म्हणाली. फोन ठेवल्यावर सुभद्राबाईंना आपलीच लाज वाटली. पन्नास-साठ बाया त्यांच्याशी अशाच खोटं बोलल्या होत्या, ह्याच आवाजात.

तांब्यांची गोष्ट छबुबाईचीच. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा दुष्काळ. टँकर दिवसाआड यायचा, घरटी चार घागरी, आणि रांगेत उभं राहून राहून बायांना बोलायला वेळच वेळ. सुभद्राबाई वर्गात कायदा सांगायच्या, ठाण्यात कसं जायचं ते सांगायच्या. एकदा छबुबाई रांगेतच म्हणाली, "ताई, ठाण्यात जाऊन येऊ. पण आल्याव राहायचं त्याच घरात हाय ना? आन् दिवाळीनंतर त्याच्याच संगं उसाला जायचं हाय. अर्ध्या कोयत्याला कोण नेतंय?" मग काय करावं म्हणतेस, असं सुभद्राबाईंनी विचारलं. छबुबाईनं घागर पुढं सरकवली आणि म्हणाली, "पाणी मागावं." कारण दुष्काळ असो की आणखी काही असो, दारात येऊन पाणी मागितलं तर नाही म्हणायची त्या गावात कोणाची छाती नव्हती. शत्रूला सुद्धा आधी तांब्या, मग भांडण. तेव्हा ठरलं ते असं: ज्या घरातून मारल्याचा आवाज येईल त्या घरी आळीतल्या बायांनी एकेक करून जायचं आणि पाणी मागायचं. भांडायचं नाही, शिकवायचं नाही, नवऱ्याला काही विचारायचं नाही. नुसतं, भाऊ, पाणी द्या. पण घ्यायचं ते त्याच्याच हातून. ज्या हातानं मारलं त्याच हातानं रांजणात तांब्या बुडवायचा, आणून द्यायचा, बाई पिऊन होईपर्यंत उभं राहायचं. एक गेली की दुसरी.

पहिल्यांदा गेल्या त्या सुग्रीवच्या दारी. बायनाबाईला, त्याच्या बायकोला, त्यानं चुलीतल्या लाकडानं मारलं होतं. एकवीस बाया गेल्या, एकवीस तांबे प्याल्या. पंधराव्या तांब्याला सुग्रीवनं मान खाली घातली. बाया खूश होऊन घरी गेल्या, सुभद्राबाई तर सगळ्यांत खूश. आणि दुसऱ्या दिवशी कळलं की बायनाला पुन्हा मार बसला, आधीपेक्षा जास्त, कारण रांजण रिकामा होता आणि टँकरला अजून एक दिवस होता. एकवीस जणींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं की आपण पितोय ते तिनं रांगेत उभं राहून भरलेलं पाणी आहे. सुभद्राबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. नंतर नियम पक्का झाला: पाणी मागून आल्यावर तासाभरात प्रत्येकीनं आपल्या घागरीतला एक तांब्या नेऊन त्या रांजणात परत ओतायचा. न बोलता. वर्गाच्या तक्त्यांत हे कुठंच नव्हतं, पण पुढं आठ-दहा गावांत हेच चाललं.

आणि मग एके संध्याकाळी छबुबाई सुभद्राबाईंच्याच दारात उभी राहिली. "भाऊजी, पाणी द्या." तिच्यामागं वीस जणी. सुभद्राबाईंना वाटलं होतं की कोणाला माहीत नाही. दिवसा दुसऱ्यांच्या गावी जाऊन शिकवायचं आणि घरी येऊन त्रिंबकचा मार खायचा, पदर घट्ट लपेटून घ्यायचा, असं वर्षभर चाललं होतं. ताईलाच मार बसतो म्हटल्यावर वर्गाला कोण येईल, अशी त्यांची भीती. त्या स्वतःच तांब्या घ्यायला उठल्या तर छबुबाई म्हणाली, "तुमच्या हातचं न्हाई, ताई. तुमी बसा." त्रिंबकनं पाणी दिलं. एकवीस वेळा. धर्मराज तेव्हा अकरावीला, वसतिगृहातून सुट्टीला आला होता. तो भिंतीला टेकून शेवटच्या तांब्यापर्यंत बघत होता. दुसऱ्या दिवशी जाताना म्हणाला, "माय, आता तुला कोणी हात लावायचा न्हाई. मी हाय." ते वाक्य सुभद्राबाईंनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. त्रिंबकचा हात त्या दिवसापासून खरंच थांबला. बोलणंही थांबलं. सात वर्षांनी तो गेला, तोवर एकदाही त्यानं त्यांना नावानं हाक मारली नाही. चहा त्यांच्या हातून घ्यायचा नाही, खाली ठेवला की उचलायचा. हा भाग त्यांनी कुठल्या वर्गात सांगितला नाही. मार नसलेलं घर किती गप्प असतं, हे बायांना कशाला सांगायचं.

म्हणून दोन वर्षांपूर्वी धर्मराज म्हणाला की आई, आता गाव पुरे, अंबाजोगाईला चल, तेव्हा त्या लगेच निघाल्या. गावातल्या घराचे पत्रे उडाले होते, तिथं राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगा बोलायचा, हसायचा, दवाखान्यात न्यायचा. ऐकू कमी येतं म्हटल्यावर त्यानं लातूरला नेऊन चांगलं यंत्र घेऊन दिलं, घरी येऊन स्वतःच्या हातानं कानात बसवलं, "ऐकू येतं का, माय?" असं त्यानं हळूच विचारलं तेव्हा त्यांना रडू आलं होतं. हाच तो हात. सुभद्राबाई खुर्चीवर सरळ होऊन बसल्या. यंत्राचे सेल महाग, म्हणून त्या दिवेलागणीला ते काढून ठेवत. रात्री काय ऐकायचं असतं म्हाताऱ्या माणसाला. पण हे सेल वाचवणं कधी सुरू झालं? तारीख त्यांना आठवत नव्हती असं नाही. मागच्या दिवाळीच्या आधी, द्वारकाचा ओठ सुजला होता तो दिवस. बाथरूममध्ये पाय घसरला, असं ती म्हणाली. त्याच संध्याकाळी सुभद्राबाईंनी पहिल्यांदा यंत्र काढलं. त्यानंतर महिन्याभरात नातीला माजलगावला मामाकडं शाळेला ठेवलं. तिकडं धरण आहे, पाण्याचे हाल नाहीत, असं कारण झालं, आणि सुभद्राबाईंनी मान डोलावली होती. आठ वर्षांची पोर, जाताना आजीच्या पदराला धरून काही सांगत होती. संध्याकाळ झाली होती. यंत्र डबीत होतं.

भिवराबाईला निदान जात्यापर्यंत उठून जावं लागायचं. एवढं मनात आलं आणि त्यांना खुर्चीतून उठवेना. सगळा दिवस उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत होता, तो भिंतीवर गेला, प्रमाणपत्राच्या काचेवर आला आणि विझला. द्वारकानं देवापाशी दिवा लावला. मग नेहमीप्रमाणे ती आली, आणि तिच्या तळहातावर ती डबी होती, यंत्र ठेवायची, निळ्या झाकणाची. तेव्हा कुठं सुभद्राबाईंच्या लक्षात आलं की डबी रोज हीच आणून देते. त्यांनी कधी मागितली नव्हती. वर्षभर, रोज दिवा लावून झाल्यावर, ही मुलगी स्वतःच्या हातानं त्यांना बहिरं करून मग स्वयंपाकघरात जात होती.

"राहू दे आज," सुभद्राबाई म्हणाल्या.

"सेल संपंल, आत्या."

"संपू दे."

द्वारका डबी पुढं धरून उभीच राहिली. खालच्या रस्त्यावर कोणाची तरी मोटारसायकल गेली, तिनं तिकडं कान दिला, ती पुढं निघून गेली. "काढा ना, आत्या," ती म्हणाली. "तुमच्या कानाव न्हाई गेलं म्हंजे मला वाटतं, झालंच न्हाई."

तिचा हात धरावा असं सुभद्राबाईंना फार वाटलं, पण धरायला आपला हात उचलावा लागेल, आणि ती पुन्हा दचकली तर, ह्या भीतीनं त्यांनी हात मांडीवरच ठेवला. द्वारकानं डबी टीपॉयवर ठेवली आणि ती आत गेली.

धर्मराज आला तो सातच्या सुमारास. त्या वेळेचे आवाज सुभद्राबाई वर्षभरानं ऐकत होत्या: गाडी स्टँडला लावल्याचा, जिन्यातल्या पावलांचा, किल्ल्यांचा. त्यानं आत येऊन, "आई, जेवलीस का?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेला, कारण ह्या वेळी आईला ऐकू येत नाही हे त्याला माहीत होतं. पाणी ओतल्याचा आवाज. मग त्याचा आवाज. तो ओरडत नव्हता. सुभद्राबाईंना वाटायचं मार म्हणजे त्रिंबकसारखा, आरडाओरड, शिव्या, भांडी. हा ऑफिसात फाइल मागावी तसा बोलत होता. "ड्रम अर्धा कावून हाय? टँकर आलता ना? मग तू काय करीत व्हतीस?" द्वारका काहीतरी म्हणाली. टँकर दुपारी आला होता, आणि पाणी भरता भरता सुभद्राबाईंनीच तिला हाक मारून पाच मिनिटं उगाच शेजारी बसवून ठेवलं होतं, विचारायचं म्हणून, आणि विचारलं नव्हतं. तिनं हे सांगितलं नाही. मग एक आवाज झाला. लहानसा होता. कणीक थापल्यावर होतो त्याहून मोठा नाही. आणि लगेच समोरच्या फ्लॅटमधल्या केशरबाईंचा टीव्ही मोठा झाला. चांगली बाई, रिटायर झालेली नर्स, संक्रांतीला वाण घेऊन आली होती. तिचा टीव्ही रोज ह्या वेळी मोठा होत असणार. प्रत्येक घराला एक जातं असतं म्हणायचं, असं सुभद्राबाईंना वाटलं, आणि त्या उठल्या.

उठल्या खऱ्या, पण कुठं जायचं ते त्यांना माहीत नव्हतं. आत जाऊन मध्ये पडावं तर तो आपल्याला हाताला धरून प्रेमानं खुर्चीवर आणून बसवील, आणि दार लावून घेईल. बिल्डिंगमध्ये बारा घरं, बारा बाया. दोन वर्षांत त्यांतल्या तिघींची नावं माहीत झाली होती. मागं उभं राहायला कोणी नाही. असं एकटं त्यांना उसाच्या फडात वाटलं नव्हतं, त्रिंबकच्या सात वर्षांच्या मौनात वाटलं नव्हतं. त्यांनी बाहेरचं दार उघडलं, चौकटीबाहेर पाय ठेवला आणि दार मागून ओढून घेतलं. कडी आतून आपोआप बसली. किल्ली त्यांच्याकडं नव्हती. जिन्यातली ट्यूब लुकलुकत होती. त्यांनी वळून आपल्याच घराची बेल वाजवली.

धर्मराजनं दार उघडलं. "आई? तू बाहेर कधी गेलीस?"

"पाणी दे."

"आत ये की."

"आत न्हाई. हितंच दे. तांब्यात दे."

त्यानं मागं वळून, "द्वारका, पाणी आण," म्हटलं.

"तिच्या हातचं न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुझ्या हातचं."

तेव्हा त्याला कळलं. त्याच्या तोंडावरून ते कळणं सरकताना त्यांनी बघितलं. भिंतीला टेकून बसलेला तो अकरावीतला मुलगा क्षणभर तिथं आला आणि गेला. त्याची नजर त्यांच्या कानाकडं गेली. यंत्र कानात होतं. तो आत गेला, तांब्या भरून घेऊन आला. सुभद्राबाईंनी वरून, धार न तोडता, सगळा संपवला, तांब्या परत दिला आणि म्हणाल्या, "लाव दार." त्यानं लावलं. त्यांनी पुन्हा बेल वाजवली. दुसरा तांब्या. पोट गार पडलं. तिसऱ्या वेळी तो दारात आडवा उभा राहिला. "आई, तमाशा करू नको. लोक बघतेत." समोरचा टीव्ही बंद झाला होता, आणि केशरबाईंच्या दाराच्या भिंगाआड अंधार आला होता.

"बघू दे."

"किती वेळा हे?"

"एकवीस. तिकडं एकवीस बाया व्हत्या. हितं मी एकटी हाय, म्हणून मलाच यावं लागतंय. उद्या छबुबाईला बोलावते, तोवर मीच."

"इथं पटत नसेल तर गावाला जाऊन राहा मग," तो म्हणाला. शुद्ध भाषेत म्हणाला. दोन वर्षं सुभद्राबाई ह्याच वाक्याला भीत होत्या. ह्याच्यासाठीच तर सेल वाचवले होते. ऐकल्यावर वाटलं, एवढंच होतं होय.

"जाईन," त्या म्हणाल्या. "एकवीस झाल्याव. पाणी आण."

तिसरा तांब्या त्यानं आणला, पण देताना अर्धं पाणी उंबऱ्यावर सांडलं. उरलेलं त्या प्याल्या. चौथ्या वेळी दार उघडलं नाही. त्यांनी परत वाजवली. आत काही हललं नाही. म्हाताऱ्या पोटात अडीच तांबे पाणी, आणि समोर आपलंच बंद दार. चौकटीवर नाव धर्मराजचं, खाली त्रिंबकचं. त्यांनी भिंतीला हात टेकला. बाया एकवीस का लागतात, ते आज त्यांना कळत होतं. एका बाईत तेवढं पाणी मावत नाही.

मग कडी निघाली. दारात द्वारका होती. गालावर लाल उठलेलं, पायात चपला, हातात रिकामा तांब्या. ती बाहेर आली, तिनं दार मागून ओढून घेतलं आणि सासूच्या शेजारी उभी राहिली. दोघींच्या पायाखाली सांडलेलं पाणी होतं. बेल तिच्या डोक्याच्या वर होती. तिनं हात उचलला, झपकन, आणि सुभद्राबाईंची मान आपसूक खांद्यात गेली, डोळे मिटले. मार थांबून पंधरा वर्षं झाली होती, खांदा काही विसरला नव्हता. डोळे उघडले तेव्हा द्वारका त्यांच्याकडं बघत होती, हात तसाच वर धरून.

"बेल वाजवतीय, आत्या," ती हळूच म्हणाली.

"वाजव," सुभद्राबाई म्हणाल्या.

तिनं वाजवली. दोघी थांबल्या. समोरच्या भिंगाआड कोणीतरी श्वास धरून उभं होतं. मग खुर्ची सरकली, पावलं स्वयंपाकघराकडं गेली, आणि माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.